ल्युगर खरी, कागदही खरा, तरी जास्तीचे पैसे देऊ नकोस

ज्यांनी बँकेत एलसीच्या (लेटर ऑफ क्रेडिट, आयात-निर्यातीच्या पेमेंटची बँकेने दिलेली हमी) टेबलावर आयुष्य काढलंय त्यांना एक गोष्ट झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते, बँकेचा संबंध कागदाशी, मालाशी नाही. एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, यूसीपी ६००, त्यांचं पाचवं कलम तेच सांगतं. कंटेनरमध्ये बासमती आहे की भुसा, ते बघायला आपण न्हावा-शेव्याला जायचं नसतं. बिल ऑफ लेडिंग (माल बोटीवर चढल्याची पावती), इनव्हॉइस, इन्शुरन्स हे सगळं एकमेकांशी जुळतंय ना, तारखा मागेपुढे नाहीत ना, एवढं बघायचं आणि पेमेंट सोडायचं. फोर्टातल्या एका ब्रँचला मी रिटायर होईपर्यंत हेच केलं आणि मला त्यात मजा यायची हे आता सांगायला हरकत नाही.

तर सध्या हे सगळं ज्ञान बंदुकांवर खर्च होतंय. माझा भाचा न्यू जर्सीला असतो, आयटीत आहे, आणि चाळिशी ओलांडल्यावर लोक मॅरेथॉन पळायला लागतात तसं याने दुसऱ्या महायुद्धातल्या पिस्तुलांचं खूळ डोक्यात घेतलंय. माझी बहीण वैतागलीय, सून त्याहून जास्त. पण तिकडे ते रीतसर परमिट काढून करता येतं म्हणून कोणी फार बोलत नाही. तर याला एक ल्युगर, म्हणजे जर्मन सैन्याचं पिस्तूल, आवडलं होतं आणि विकणारा म्हणत होता की यासोबत ओरिजिनल कागद आहे, म्हणून नुसत्या पिस्तुलापेक्षा बरेच जास्त पैसे पडतील. भाच्याने स्कॅन पाठवले आणि लिहिलं, मावशी तू हेच करायचीस ना, बघ ना खरं आहे का.

आधी हा कागद म्हणजे काय ते सांगते कारण मलाही माहीत नव्हतं. अमेरिकन सैनिकांनी युरोपात आणि पॅसिफिकमध्ये काय काय उचलून घरी नेलं त्याला सुमार नाही, पिस्तुलं, रायफली, तलवारी, झेंडे, हेल्मेटं. आता हजारो माणसं शत्रूच्या बंदुका किटबॅगेत भरून बोटीत चढणार म्हटल्यावर त्यांच्या वॉर डिपार्टमेंटने २८ मे १९४५ ला एक सर्क्युलर काढलं, नंबर १५५, आणि त्याच्या सहाव्या सेक्शनमध्ये हा विषय आहे. त्याप्रमाणे अधिकाऱ्याने सही करून दाखला द्यायचा, की अमक्या माणसाकडच्या शत्रूच्या वस्तू मी स्वतः बघितल्या, थिएटर कमांडरच्या (त्या युद्धक्षेत्राच्या प्रमुखाच्या) परवानगीने त्या त्याला स्वतःच्या म्हणून ठेवता येतील, पोस्टाने पाठवणार असेल तर त्यात मनाई असलेलं काही नाही, आणि खाली वस्तूंची यादी. एवढंच. अर्ध्या पानाचा कागद. युरोपात लढाई संपल्यावर त्याचा छापील फॉर्म सर्रास वापरला गेला, एजी यूएसएफईटी फॉर्म नंबर ३३. काही पलटणींनी आपापले सायक्लोस्टाइल केलेले किंवा सरळ टाइप केलेले दाखले दिले, पॅसिफिकवाल्यांचे अजून वेगळे. त्यामुळे फॉर्म ३३ सारखा दिसत नाही म्हणून लगेच खोटा म्हणायची सोय नाही.

आणि अर्थात असंख्य लोकांनी कुठलाच दाखला घेतला नाही किंवा घेतला आणि नंतर घर साफ करताना बायकोने फेकून दिला. म्हणून कागद असलेलं पिस्तूल दुर्मिळ, म्हणून महाग, आणि महाग म्हटलं की खोटे कागद आलेच. साध्या पिस्तुलाला तो १९४५ चा दाखला नसला म्हणून तिकडे आज काही बेकायदेशीर होत नाही, किंमत आहे ती सगळी इतिहासाची आणि हौसेची. मशीनगनचं मात्र पूर्ण वेगळं आहे, ते पुढे सांगते.

आता स्क्रूटिनी. पहिली गोष्ट तारीख. यूएसएफईटी हे युरोपातल्या अमेरिकन सैन्याचं जे नाव आहे ते १ जुलै १९४५ ला सुरू झालं, त्याआधी त्याचं नाव वेगळं होतं. जर्मनीने ८ मे ला शरणागती पत्करलेली. म्हणजे यूएसएफईटी छापलेल्या फॉर्मवर मार्च १९४५ ची तारीख असेल तर पुढे काही वाचायचीच गरज नाही. बँकेतही हेच असायचं, जुनी स्टेशनरी संपेपर्यंत वापरली जाते, नाव बदलून दोन वर्षं झाली तरी कपाटातले जुने फॉर्म निघत राहतात आणि त्यात काहीच वावगं नाही, पण नवीन फॉर्म मागच्या तारखेला उगवू शकत नाही. भाच्याच्या कागदावर सप्टेंबर १९४५ होतं. ठीक.

दुसरं, माणूस. तिकडच्या प्रत्येक सैनिकाला आर्मी सिरीयल नंबर असायचा आणि तो नंबर बोलका आहे. पहिला आकडा ३ असेल तर सक्तीच्या भरतीतून आलेला, १ असेल तर स्वतःहून भरती झालेला, २ म्हणजे नॅशनल गार्डमधला, अधिकाऱ्यांच्या नंबराआधी ओ. आणि दुसऱ्या आकड्यावरून कुठल्या भागात भरती झाला ते कळतं. याच्या कागदावर नंबर ३२ ने सुरू होत होता, म्हणजे न्यूयॉर्क-न्यू जर्सी त्या पट्ट्यातला ड्राफ्ट झालेला पोरगा. आता त्यांच्या नॅशनल आर्काइव्हजने भरतीच्या नोंदी ऑनलाइन टाकल्यात, नव्वद लाखांच्या आसपास, जुन्या पंचकार्डांवरून घेतलेल्या, त्यामुळे स्पेलिंगचे अधूनमधून घोळ आहेत पण नंबर टाकला की माणूस सापडतो. आमचा सापडला. नाव जुळलं, राज्य जुळलं, जन्मसाल मिळालं. मला खरंच एकदम भारी वाटलं, पार्ल्यात बसून जर्सीतल्या १९४३ च्या रिक्रूटचा पत्ता लागतोय.

यापुढे जायचं म्हणजे त्याची पूर्ण सर्व्हिस फाइल मागवायची, पण ती आर्मीवाल्याची असेल तर बहुतेक वेळा राख झालेली असते. सेंट लुईसला त्यांचं रेकॉर्ड ऑफिस आहे, तिथे १२ जुलै १९७३ ला आग लागली आणि दीड कोटीच्या वर फायली गेल्या. १९१२ ते १९६० मध्ये आर्मीतून सुटलेल्यांच्या तर ८० टक्के. आपल्याकडे २०१२ मध्ये मंत्रालय पेटलं तेव्हा लोक काय काय बोलत होते आठवतंय ना, तिकडेही असंच. त्यामुळे विकणारा जेव्हा म्हणतो की फाइल जळाली हो, काय करणार, तेव्हा तो खरं बोलत असू शकतो आणि ते वाक्य फार सोयीचंही आहे. पण एक वाट राहते. सैनिकाला सुटताना डिस्चार्जचा कागद मिळायचा, फॉर्म ५३-५५, आणि बऱ्याच जणांनी तो गावच्या कोर्टकचेरीत नोंदवून ठेवलेला असतो. त्यावर परदेशी कधी गेला, कधी परत आला, कुठल्या मोहिमांत होता ते लिहिलेलं असतं. दाखला सप्टेंबरचा आणि माणूस ऑगस्टमध्येच न्यूयॉर्कला उतरलेला असेल तर संपला विषय. बोटीची तारीख बघायची सवय आम्हाला आहेच, शिपमेंट आधी आणि इन्शुरन्स नंतरचा असले प्रकार मी ढिगाने परत पाठवलेत.

तिसरं कागद स्वतः. हे स्कॅनवर होत नाही, हातात घ्यायला लागतं. भाच्याला म्हटलं, नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना तो घेऊन जा. युद्धाच्या काळातल्या कागदात ते पांढरेपणा वाढवणारं केमिकल नसायचं, ते सर्रास यायला लागलं १९५० च्या आसपास आणि नंतर, त्यामुळे जुना कागद अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली मंद, मळकट दिसतो आणि आजकालचा ए-फोर ट्यूबलाइट लावल्यासारखा पेटतो. कागद चहात बुडवून पिवळा करता येतो, पण तो दिव्याखाली पेटतोच. अर्थात जुना कोरा कागद मिळवून त्यावर टाइप करणारेही आहेत, म्हणून मग घडी बघायची. खरा कागद टाइप झाला, मग घडी घालून पाकिटात गेला, वर्षानुवर्षं तिथे झिजला. म्हणजे घडीवर अक्षर आलं असेल तर ते कागदासोबत तुटलेलं दिसतं. आधी घडी आणि मग पेन अशी गोष्ट असेल तर शाई घडीच्या भेगेत उतरते, पसरते. साधं भिंग पुरतं. याने व्हिडिओ कॉलवर भिंग धरून दाखवलं, हात इतका हलत होता की मला गरगरायला लागलं, पण सहीचा शेपटा घडीवरून गेला होता तिथे शाई अजिबात पसरलेली नव्हती, वरून कागद पिंजलेला होता आणि त्यासोबत शाईपण. सही आधी, घडी नंतर. छान.

तर कागद खरा. पिस्तूलही खरं होतं, माऊझरने बनवलेलं १९४१ चं, त्यावर माऊझरचा बीवायएफ कोड, छोट्या छोट्या पार्टवर नंबराचे शेवटचे दोन आकडे मारलेले असतात ते सगळे जुळत होते. भाचा म्हणाला, मग झालं की, दोन्ही खरे. आणि इथेच मी त्याला थांबवलं.

कागदावर लिहिलं होतं पिस्तूल, जर्मन, ल्युगर, नंबर ४८७३. पिस्तुलावर ४८७३ होतं आणि त्याच्याखाली एक छोटं वळणदार इंग्रजी अक्षर. आता ल्युगरच्या नंबराची भानगड अशी आहे की माऊझर दरवर्षी नंबर पुन्हा एकपासून सुरू करायचे. एक ते दहा हजार झाले की पुढे ए लावून पुन्हा एक ते दहा हजार, मग बी, असं वर्ष संपेपर्यंत. पुढच्या वर्षी सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ४८७३ नंबरचं ल्युगर १९४१ मध्ये एक नाही, प्रत्येक अक्षराला एक, आणि १९४०, १९३९, १९३८ ची वेगळी. जर्मनांना वर्ष आणि अक्षर दोन्ही लिहायची सवय होती, अमेरिकन कंपनी क्लार्कला नव्हती, त्याला काय पडलेलं, बाहेर शंभर पोरं रांगेत उभी, घरी जायची घाई, त्याने चार आकडे टाइप केले आणि पुढचा. म्हणजे हा कागद या पिस्तुलाचा असू शकतो. तो इतर कित्येक पिस्तुलांचाही असू शकतो. आणि ज्याच्याकडे खरा कागद आहे पण पिस्तूल नाही, त्याने बाजारात त्या नंबरचं कुठलंही ल्युगर शोधत बसायचं, कधी ना कधी मिळतंच. तिकडच्या हौशी लोकांत हे लग्न लावणं चालतं असं भाच्यानेच सांगितलं.

अजून एक होतं. यादीत तीन वस्तू होत्या, ल्युगर, एक संगीन आणि एक झेंडा. विकणाऱ्याकडे फक्त पिस्तूल. संगीन कुठेय विचारलं तर माहीत नाही. आता हे आपल्याला समजायला अमेरिकेत जायला नको, बाप गेल्यावर तीन भावांत वाटण्या झाल्या की वस्तू तिघांकडे जातात आणि कागद एकाकडे राहतो. तो कागद ज्याच्याकडे राहिला त्याच्याकडे संगीन होती की पिस्तूल होतं? माहीत नाही. झेंड्यासोबत विकत घेतलेला कागदही असू शकतो तो.

काय असतं तर मी हो म्हटलं असतं? पिस्तुलाच्या चामड्याच्या कव्हरात आतून सैनिकाचं नाव शाईने लिहिलेलं असतं तर. कागदावर ते अक्षर असतं तर. घरी पाठवलेलं पत्र, त्यात नंबराचा उल्लेख. किंवा विकणारा स्वतः त्या सैनिकाचा मुलगा-नातू असता आणि लिहून सही करून दिलं असतं की हे आमच्या घरातलं. पण हा माणूस दुसऱ्याकडून घेतलेला, त्या दुसऱ्याने एका लिलावातून, आणि गोष्ट तोंडी. तोंडी गोष्टीत नेहमी एक जर्मन अधिकारी असतो हे पण माझ्या लक्षात आलंय. जर्मन स्वयंपाक्याकडून घेतलेलं पिस्तूल अजून कुणी विकायला काढलेलं मी ऐकलं नाही.

तर मी भाच्याला सांगितलं, पिस्तुलाचे पैसे दे, कागदाचे देऊ नकोस. बँकेत असते तर हे डॉक्युमेंट्स मी डोळे झाकून क्लीन म्हणून पास केले असते, कारण कागद कागदाशी जुळत होता आणि माल बघणं माझं काम नव्हतं. इथे सगळा खेळच मालाचा आहे. विकणारा चिडला, म्हणाला मग पिस्तूल घेऊन जा, कागद मी ठेवतो. याने पिस्तूल घेतलं. तो कागद आता कुठल्या ४८७३ बरोबर सापडेल देव जाणे, स्कॅन आम्ही जपून ठेवलेत.

मशीनगनचं राहिलं. तिकडे १९३४ पासून नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट आहे, ऑटोमॅटिक हत्यार नोंदवलेलं असलंच पाहिजे. पुष्कळ सैनिकांनी ती तशीच आणली आणि माळ्यावर टाकली. १९६८ मध्ये सरकारने एकदा माफी दिली, २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर, तेवढ्या दिवसांत फॉर्म ४४६७ भरून नोंदवा, काही विचारणार नाही. ज्यांनी भरला त्यांच्या नातवंडांकडे आज सोनं आहे. ज्यांनी नाही भरला त्यांच्याकडे बेकायदा वस्तू, आणि आता नोंदवायची सोय नाही. मग लोक तो १९४५ चा दाखला पुढे करतात, बघा, सरकारनेच परवानगी दिली होती. तो दाखला म्हणजे नोंदणी नव्हे. दोन वेगळे कागद, दोन वेगळ्या खात्यांचे, एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही. आपल्याकडे साठेखत दाखवून फ्लॅट माझा म्हणणारे असतात त्यातलाच प्रकार.

हे सगळं मी आमच्या जुन्या स्टाफच्या ग्रुपवर थोडंफार लिहिलं, तर डोंबिवलीच्या मैत्रिणीचा लगेच फोन. म्हणाली, अगं माझ्या आजेसासऱ्यांनी पण इटालियन पिस्तूल आणलं होतं, मराठा पलटणीत होते, आफ्रिकेत एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईतलं. मी म्हटलं, घरात आहे की काय? कारण इकडे असं काही घरात असेल तर आधी तो विषय. नाही म्हणाली, ते कधीच पोलिसात जमा केलं, पावती तेवढी आहे.

म्हणजे भाच्याकडे पिस्तूल आहे आणि कागदाची बोंब, हिच्याकडे कागद आहे आणि पिस्तूल गायब. मला ही पावती त्या ल्युगरपेक्षा जास्त आवडली. माणगाव तालुक्यातली, १९६३ ची. शस्त्र कायदा १९५९ चा पण तो लागू झाला १ ऑक्टोबर १९६२ ला, त्याच्या एकविसाव्या कलमात बिनपरवाना किंवा परवाना संपलेलं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायची तरतूद आहे, त्यामुळे काळ बरोबर बसतो. पावतीवर जिल्हा कुलाबा लिहिलेला. रायगड हे नाव १९८१ मधलं, १९६३ च्या पावतीवर रायगड दिसलं असतं तर मी तिथेच फोन ठेवला असता. आणि गंमत म्हणजे छापील मथळा जुन्या मुंबई राज्याचा, महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झालेली तरी. ते चालतं, कपाटातली स्टेशनरी.

पण खरी मजा वर्णनात आहे. ज्या हवालदाराने ती पावती लिहिली त्याला इटालियन येत असणं शक्य नाही, इंग्रजी कितपत येत होतं कुणास ठाऊक, पण त्या माणसाने पिस्तुलावर जे कोरलेलं होतं ते एकेक अक्षर चित्र काढावं तसं उतरवलंय. मराठी ओळीच्या मध्येच रोमन लिपीतली मोठी अक्षरं, थोडी तिरकी. पी. बेरेटा, कॅल. ९ कोर्टो, एम १९३४, ब्रेव्हेट, गार्डोने व्ही. टी., १९४२, आणि पुढे दोन एक्स. घरच्यांना इतकी वर्षं वाटत होतं की हवालदाराचं काहीतरी चुकलं म्हणून त्याने शेवटी दोन फुल्या मारल्या. फुल्या नाहीत त्या. मुसोलिनीच्या राजवटीत सालाच्या पुढे फॅसिस्ट वर्ष रोमन आकड्यात घालायचे, १९२२ च्या ऑक्टोबरपासून मोजलेलं. एक्स एक्स म्हणजे विसावं वर्ष, १९४१ च्या ऑक्टोबरअखेरपासून १९४२ च्या ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे हे पिस्तूल १९४२ च्या पहिल्या दहा महिन्यांत बनलं. आणि जाणकार माणसाने पावती लिहिली असती ना, तर त्याने नुसतं इटालियन पिस्तूल, बेरेटा, नंबर अमुक एवढंच लिहिलं असतं आणि आपण बसलो असतो. न कळणाऱ्याने सगळं उतरवलं म्हणून आज कळतंय.

तर अडचण अशी की केरेन पडलं २७ मार्च १९४१ ला. तेव्हा हे पिस्तूल जन्मलेलंच नव्हतं.

मैत्रीण जरा नाराज झाली. आजेसासरे खोटं बोलले असं मी म्हणतेय असं तिला वाटलं. मी म्हटलं, अगं तिसरी-पाचवी मराठा केरेनला होती आणि तीच बटालियन पुढे इटलीत लढली, नाईक यशवंत घाडगे त्याच बटालियनचे, तुमच्याच माणगाव तालुक्यातले, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तुझे आजेसासरे दोन्हीकडे गेलेले असतील, केरेनच्या गोष्टी सांगितल्या असतील, पिस्तूल इटलीतलं असेल, आणि ऐकणाऱ्या पोरांनी दोन गोष्टींची एक केली. घरोघरी हेच होतं. आणि हे पिस्तुलांपुरतंच किंवा गरीब पोरांपुरतंच नाही. जपान्यांच्या नांबू पिस्तुलावर त्यांच्या सम्राटाच्या काळाचं साल असतं, १९.५ लिहिलं असेल तर ते मे १९४४, आणि असली पिस्तुलं ग्वाडालकॅनालची म्हणून विकतात जी लढाई फेब्रुवारी १९४३ मध्येच संपली होती.

मोठमोठ्यांचंही तेच. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्याला रेसकोर्सवर पाकिस्तानच्या जनरल नियाझीने शरणागतीवर सही केली आणि आपलं रिव्हॉल्वर काढून जनरल अरोरांच्या हातात दिलं, जगभर बातमी. त्याहून चांगली कागदपत्रं कुठल्या हत्याराला मिळणार. पण जनरल जेकब, जे तिथे हजर होते, त्यांनी नंतर ते रिव्हॉल्वर नीट बघितलं आणि लिहून ठेवलंय, की ते साधं पॉइंट अडतीसचं लष्करी रिव्हॉल्वर होतं, नळी घाणीने तुंबलेली, दोरी मळकी आणि झिजलेली, जनरलचं स्वतःचं हत्यार असं असत नाही, बहुतेक एखाद्या मिलिटरी पोलिसाचं घेऊन दिलं असणार. साक्षीदार होते, कॅमेरे होते, सह्या होत्या, आणि जेकबांनी बघितली नळी.

आता आपल्याकडचं थोडं, कारण त्या फोननंतर अजून दोघींनी विचारलं. अमेरिकेत चालतं म्हणून इकडे चालत नाही. आजोबांनी कुठल्या लढाईतून आणलं, किती पदकं होती, कसलाही जुना दाखला असो, शस्त्र कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे परवाना लागतो म्हणजे लागतो. मुंबईत तो पोलीस आयुक्तांकडून. परवाना आजोबांच्या नावावर होता आणि ते गेले तर वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, तोपर्यंत हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या डीलरकडे जमा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच, वारसाने आलेलं धरून. नाइन एमएम आणि थ्री-नॉट-थ्री तर मनाई असलेल्या बोअरमध्ये (नळीच्या मापात) येतात, त्यांचं अजून कडक. जुनं आहे, गंजलंय, शोभेचं आहे हे लोक हमखास सांगतात. कायद्यात सूट आहे पण ती दुरुस्त करूनसुद्धा चालणार नाही अशा मोडक्या किंवा पुराण्या वस्तूला, आणि ते ठरवणारे आपण नाही. आणि कृपा करून गावच्या ट्रंकेत काही सापडलं तर ते पिशवीत घालून कोकणकन्येने दादरला घेऊन येऊ नका, जमा करायला नेतोय म्हटलं तरी तुम्ही बिनपरवाना हत्यार घेऊन प्रवास करताय. तिथल्या तिथे ठाण्यात फोन करा, वकिलाला विचारा, आणि जमा केलंत की पावतीवर नंबर, कोरलेली अक्षरं, सगळं लिहून घ्या. तो माणगावचा हवालदार सगळ्यांना मिळत नाही.

मैत्रिणीला आता ते पिस्तूल गेलं कुठे हे जाणून घ्यायचंय. परत मिळणार नाही हे तिला मान्य आहे, मुदतीत कोणी मागितलं नाही तर जमा हत्यार सरकारजमा होतं. पण कुठल्या तरी आदेशाने झालं असेल, रजिस्टरला नोंद असेल, नष्ट केलं की कुठे दिलं ते लिहिलेलं असेल. म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज करायचं ठरलं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्या राज्यात या अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि विषय एकच हवा. तिने लिहून पाठवलेला मसुदा दोन पानी होता, आजेसासरे, केरेन, पदकं, वळकटीत लपवून आणलेलं पिस्तूल, सगळं. मी पावतीचा नंबर ठेवला, तारीख, जिल्हा कुलाबा आणि कंसात सध्याचा रायगड, पिस्तुलाचा नंबर, आणि हवालदाराने उतरवलेली अक्षरं जशीच्या तशी, दोन एक्ससकट. सोबत झेरॉक्स जोडायची, ओरिजिनल नाही. बाकी सगळं काढून टाकलं तेव्हा १४० वर आलं. ती म्हणाली निदान पलटणीचं नाव तरी राहू दे, तेवढं बसत होतं म्हणून ठेवलं.